तिसरा रोटला

बोलायला सुरुवात करण्याआधी मावशी हातातल्या डब्याच्या झाकणावर चमचा दोनदा वाजवीत. ही सवय त्यांना मांजरांमुळे लागली आणि पुढे ती माणसांनाही लागू झाली. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी पहिल्यांदा तसा चमचा वाजवला, तेव्हा माझ्यासारख्या इसमाला असे बोलावले जावे याचा मला राग आला होता. "भाऊ, ऐकतोस ना?" त्या म्हणाल्या. पुढे कळले की सरपंचालाही त्या असेच विचारीत.

मी बडोद्यात, वाडी नावाच्या वस्तीत राहतो आणि जवळच्या पादरा या तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर लिंबाखाली बसून अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. परंतु मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत निर्दोष अर्ज लिहिणारा दुसरा मनुष्य या तालुक्यात नाही, हे अभिमानाने नव्हे, तर केवळ माहितीसाठी नमूद करतो. अर्जाखेरीज कोणाचेही नाव कागदावर घालायचे नाही, असा माझा नियम आहे. म्हणून मावशींचे नाव येथे येणार नाही.

त्या पादऱ्याच्या पुढे एका खेड्यात राहत. घराणे मूळचे बडोद्याचे, पूर्वज संस्थानच्या फौजेत. यजमान त्या गावी पाण्याच्या पंपावर नोकरीला होते. ते वारल्यावर वाडीत राहणाऱ्या लेकीने पुष्कळ बोलावले, पण मावशी गेल्या नाहीत. कारण पंपाच्या खोलीमागे मांजरांची वस्ती होती. काळी, पिवळी, कबरी, एक तुटक्या शेपटीचा बोका. ती कोणी पाळलेली नव्हती. गावाची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती.

मावशींचे उत्पन्न ते काय? शिवणाचे मशीन. गावातल्या बायका त्यांना 'बा', म्हणजे आई, म्हणत आणि झंपर, उशांचे अभ्रे, गोधड्या त्यांच्याकडूनच शिवून घेत. शिलाई द्यायची वेळ आली की तोच संवाद होई.

"बा, पैसा लई लो ने."

"पैसा बिलाडी नथी खाती," मांजर पैसे खात नाही, असे मावशी गुजरातीत उत्तर देत. "सांजे दूध मोकलजे."

संध्याकाळी दुधाची तपेली येई. त्यात रोटला, म्हणजे बाजरीची भाकरी, कुस्करला जाई, झाकण वाजे आणि कौलांवरून, भिंतींवरून, एरंडाच्या झुडपांतून मांजरे उतरत. मी एकदा अशा वेळी तेथे गेलो होतो. मावशींनी मला कोरा चहा दिला. "दूध?" असे मी विचारले. "फौजेला गेलं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःही तोच कोरा चहा बशीत ओतून प्याल्या.

आपण आमच्याकडची खेडी पाहिली असतील, तर एक रिवाज आपल्या नजरेस आला असेल. सकाळी चूल पेटली की पहिला रोटला गायीचा, शेवटचा कुत्र्याचा. पारव्यांसाठी तर गावच्या मधोमध खांबावर नक्षीदार चबुतरा असतो आणि त्यावर रोज दाणे पडतात. मांजराचा वाटा मात्र कोणत्याच घरी नसतो. मावशींना हे फार लागे.

"गायीचं आहे, कुत्र्याचं आहे, पाखरांचं आहे. माझ्या मांजरांनी कुणाचं काय वाईट केलं?"

"पारवे खाल्ले," मी म्हणालो.

"भुकेनं खाल्ले. तूही खाशील."

"मी शाकाहारी आहे."

"आठ दिवस उपाशी राहा, मग सांग."

तक्रार खरीच होती. चबुतऱ्याखाली पिसे पडू लागली होती. चबुतऱ्याची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध काका होते. ते माझ्याकडे आले आणि मांजरे पोत्यांत भरून नदीपलीकडे सोडावीत असा अर्ज त्यांनी पंचायतीसाठी लिहून घेतला. लगेच पुढच्या आठवड्यात मावशी आल्या. आता अर्ज लिहिणारा हा डॉक्टरसारखा असतो. तो पक्ष विचारीत नाही. मांजरे आहेत तेथेच राहू द्यावीत, असा मी त्यांचाही अर्ज लिहिला आणि, त्यांच्या आग्रहावरून, मोठ्याने वाचून दाखवला.

"भाऊ, ह्यात मांजर कुठे आहे?"

"तिसऱ्या परिच्छेदात."

"तोवर सरपंच झोपेल."

सरपंच झोपला नाही. ग्रामसभेत त्याने आधी काकांचा अर्ज वाचला, मग मावशींचा. दुसऱ्याच्या शेवटी तो थांबला, पुन्हा पहिला उचलला आणि दोन्ही शेवट जोडून वाचले. 'सबब सदर मुक्या व निराधार जीवांवर दयादृष्टी ठेवून योग्य तो हुकूम व्हावा, ही नम्र विनंती.' अक्षरही तेच, वाक्यही तेच. माझा प्रत्येक अर्ज या वाक्याने संपतो. ते मी फार विचारपूर्वक बसवलेले आहे. सभा हसू लागली. काका ओरडले, "पण पहेलो हुं गयो हतो!" माझ्याकडे पहिले आपण गेलो होतो, हे त्यांचे म्हणणे.

"हवे तमे ज कहो," यातले मुके जीव कोणते ते मीच सांगावे, असे सरपंच मला म्हणाला, "आमां मूंगा जीव कया?"

मी उभा राहिलो, टोपी सारखी केली आणि म्हणालो, "दोन्ही."

मागे बसलेल्या मावशींनी झाकणावर चमचा दोनदा वाजवला.

हुकूम झाला तो असा: बा सांभाळतील तोवर मांजरे राहावीत, संख्या वाढू नये, पारव्याला इजा होऊ नये. या यशात माझ्या लेखणीचा वाटा किती, हे मी वाचकांवर सोपवतो.

मग मावशींनी एकेक मांजर भाजीच्या क्रेटमध्ये घालून, वर पोते बांधून, मंडईला जाणाऱ्या टेम्पोतून बडोद्याला नेले. जनावरांच्या दवाखान्यात पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया फुकट होत असे; टेम्पोवाल्याच्या मुलीचे झंपर त्या बदल्यात शिवले गेले. परत आलेल्या प्रत्येक मांजराच्या एका कानाचे टोक, शस्त्रक्रियेची खूण म्हणून, कापलेले असे. गावातल्या बायका हळहळल्या. मावशी मला म्हणाल्या, "हा दाखला आहे त्यांचा. तुझ्या कचेरीतल्या शिक्क्यासारखा. फक्त ह्याला चकरा माराव्या लागत नाहीत."

पारव्यांचा प्रश्नही त्यांनी सोडवला. मांजरांचे जेवण त्यांनी संध्याकाळऐवजी सकाळी ठेवले, पारव्यांच्या दाण्याच्या आधी. पोट भरलेले मांजर खांबावर चढत नाही, ते ऊन शोधते. काका दाण्याची टोपली घेऊन चबुतऱ्यापाशी ताटकळत आणि ओरडत, "बा, तमारी फौज जमी रही?"

"जेवली! टाक आता तुझ्या पाखरांना!"

हे रोजचे भांडण होते. काकांना ताप आला, त्या आठवड्यात दाणे मावशींनीच टाकले.

गेल्या थंडीत मावशींची छाती कफाने भरली. लेकीने त्यांना उचलून वाडीत आणले, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. निघताना तपेली आणि झाकण त्यांनी शेजारणीकडे दिले. पादऱ्याहून परतताना मी रोज त्यांच्याकडे डोकावत असे. पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजे.

"भाऊ, ऐकतोस ना? हुकुमात काय लिहिलंय?"

"बा सांभाळतील तोवर."

"आणि मी गेले की?"

"त्या शर्तीचा अर्थ विस्तृत आहे, मावशी."

"विस्तृत नको. माझी मांजरं पोत्यात जातील का, तेवढं सांग."

मी नवा अर्ज लिहितो, असे म्हणालो.

"लिही. पण मांजर पहिल्या ओळीत घाल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या.

तेरावे झाल्यावर मी अर्ज घेऊन गावी निघालो. सरपंचाकडे जाण्याआधी पंपाशी थांबलो. ऊन नुकतेच वर आले होते. शेजारीण परातीत रोटले घेऊन बाहेर आली. एक तिने दारातल्या गायीला दिला, एक कुत्र्यासाठी ओट्यावर ठेवला. तिसरा तपेलीत दुधात कुस्करीत ती पंपामागे वळली.

"अने आ?" मी तपेलीकडे बोट दाखवून विचारले.

"ए तो बानो," ती म्हणाली. म्हणजे बांचा.

पुढच्या घरातूनही एक बाई ताटली घेऊन आली, तिच्यामागून आणखी एक. झाकण वाजले. चबुतऱ्याखाली काका टोपली काखेत धरून उभे होते. त्यांनी हात उंच करून हाक दिली, "बानी फौज जमी रही?"

"हजी वार छे, काका!" अजून वेळ आहे, असे शेजारीण ओरडली.

काका टोपली खाली ठेवून खांबाला टेकले.

मी पंपाच्या ओट्यावर बसलो. अर्जाची पिशवी बाजूला होती. अर्जाच्या पहिल्याच ओळीत मांजर होते. कापल्या कानाची कबरी जेवून आली, तिने मला नीट पाहून घेतले, पिशवीवर चढली आणि पाय पोटाखाली घेऊन बसली. पादऱ्याला परत जाणारी बस आली. कंडक्टर माझ्याकडे पाहून घंटी न वाजवता थांबला. मी पिशवीवरच्या कबरीकडे बोट दाखवून त्याला हातानेच 'जा' म्हटले.