सुनेच्या धाकातली भट्टी

पोलादाच्या कारखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. विजेच्या भट्टीत भंगार वितळतं, त्यात प्राणवायू फुंकला की कार्बन जळतो. हे सगळं ती वरच्या काचेच्या खोलीत बसून संगणकावरच्या मॉडेलमध्ये घडवून आणायची. घामाचा थेंब नाही. घरी मात्र दूध रोज उतू जायचं. नवरा म्हणायचा, "हजार अंशांच्या खालचं हिला काही दिसतच नाही."

भट्टीवरचे मुख्य म्हणजे तिचे सासरेबुवा. तिच्या मॉडेलचा तापमानाचा अंदाज खाली भट्टीजवळच्या पडद्यावर उमटला, की त्यांनी तापमान मोजायची दांडी रसात बुडवायची आणि खरा आकडा फोनवर सांगायचा. साहेबांनी बजावलं होतं, चाचणीत दोन्ही आकडे जुळले तर ठीक, नाहीतर खोलीला कुलूप आणि बाई खरेदी विभागात.

आकडे जुळत होते. रोज, अगदी अंशाअंशानं. तिनं एकदा भंगाराचं वजन चुकून दुप्पट भरलं, त्या दिवशीही जुळले, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग तिनं आगाऊपणा केला. मुद्दाम भलताच अंदाज खाली पाठवला.

"चौदाशे पन्नास," सासरेबुवांचा फोन आला. "तंतोतंत गं पोरी."

"बाबा, चौदाशे पन्नासला पोलाद गोठतं. तुम्ही आत्ता काय ओतताय, दगड?"

पलीकडे दांडी खाली ठेवल्याचा खणखणाट झाला.

"चष्मा विसरलो वाटतं," ते म्हणाले.

जेवताना सगळं बाहेर आलं. दांडी ते इमानानं बुडवत, भट्टीही खऱ्या आकड्यावर चालवत. फोनवर तेवढा सुनेचा आकडा सांगत.

"खरेदीत गेली असतीस तर रोज घरी येऊन माझंच डोकं खाल्लं असतंस."

"पण बाबा, तुमच्याच आकड्यांवरून मी मॉडेल सुधारत होते. ते बिचारं स्वतःचीच री ओढत बसलं."

"लाडावलंय," सासूबाई दोघांना वाढता वाढता म्हणाल्या. "घरात तशी दोन आहेतच."

चाचणीच्या दिवशी साहेब शेजारी येऊन बसले, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं खालचा पडदा बंद केला. मॉडेल म्हणालं सोळाशे दहा. फोनवर सासरेबुवांनी आधी खोकून घेतलं. मग नाइलाजानं आवाज आला, "सोळाशे अठ्ठेचाळीस."

साहेबांचा चेहरा आंबला. "इतके दिवस एका अंशाचा फरक नव्हता, बाई. आजच काय झालं?"

ती तोंड उघडणार तोच फोन बोलला, "साहेब, आजवर भट्टी सुनेच्या धाकात होती. आज तिनंच मोकळी सोडली."

तिनं मग काही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांना हसू आवरेना, म्हणून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मॉडेल सुधारायला महिनाभराची मुदत दिली. अट एकच, पडदा बंदच राहील.

हल्ली सासरेबुवा आकडा सांगून झाल्यावरही फोन ठेवत नाहीत.

"जुळला का गं?"

"नाही सांगणार."

"बरं, नको सांगू. नुसतं वर की खाली, तेवढं तरी?"