इंग्रजी चर्चच्या दारात चपला

मी आठवीत जाईपर्यंत आमचं घर म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एका मिशन चर्चच्या मागची पत्र्याची खोली होती. वडील त्या चर्चचे राखणदार. झाडायचं, घंटा वाजवायची, रविवारी सतरंज्या अंथरायच्या. पगार इतका तोकडा की दुष्काळात आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी तिची बोटं मिटत नसत. मग भाकरी थापायला मला बसवायची आणि शेजारी बसून माझ्या चुका काढायची. दोघांनाही वाचता येत नव्हतं, चर्चमधली गायनं मात्र सगळी पाठ. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते.

आता मी सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम बघते, आंग मो किओला राहते आणि रविवारी एका जुन्या इंग्रजी चर्चमध्ये भक्तीला जाते. हे चर्च इंग्रजांनी स्वतःसाठी बांधलं. भिंतींवर पितळेच्या आणि संगमरवरी पाट्या आहेत: कुणी तापाने गेला, कुणी बुडाला, कुणी बाळंतपणात गेली. बहुतेक माझ्या ट्रेनी मुलांच्या वयाचे. छताला पंखे ओढायच्या दोऱ्यांचे लोखंडी हूक अजून आहेत. दुसऱ्या महायुद्धात बाकं हलवून इथे जखमी ठेवले होते, असं जुने लोक सांगतात. इंग्रज गेले, बाकं राहिली. आता रविवारी सकाळी आठला इंग्रजी, दहाला तमिळ, बाराला मँडरिन, दुपारी घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांची प्रार्थना. दारातल्या फळ्यावर हे वेळापत्रक लावलेलं असतं, बसस्टॉपवर असतं तसं. एक मंडळी बाहेर पडते तोवर दुसरी पोर्चमध्ये उभी.

गेल्या वर्षी आई व्हिजिट पासवर माझ्याकडे आली. पहिल्या रविवारी ती तासभर बाकावर बसली. सगळे उठले की उठायची, सगळे बसले की बसायची. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय म्हणाले पाळकसाहेब?"

"क्षमेबद्दल बोलले."

"तासभर? येवढंच?"

तीन-चार रविवार असे गेले. मग एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "जायच्या आधी एकदा आपल्या भाषेत प्रभुभोजन मिळंल का गं?" प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षारस घेणं. माझ्या आईने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पासची मुदत संपायला दोन महिने होते.

त्या दिवसापासून माझे पाय एका जागी ठरेनात. सिंगापूरभर पसरलेली मराठी ख्रिस्ती घरं शोधली. नगरची, पुण्याची, मुंबईची, दहाबारा निघाली. पॅरिश कौन्सिलला, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाला, मराठी भक्तीसाठी वेळ मागणारा अर्ज केला. व्हिकर, म्हणजे आमचे मुख्य पाळक, चांगले माणूस. म्हणाले, भाकर मी मोडीन, वाचन आणि गायन तुम्ही करा. पण वेळ द्यायची की नाही ते कौन्सिल ठरवेल. कौन्सिलने आधी एका दुपारी सराव करून दाखवा म्हटलं.

सराव झकास झाला. तबला, झांजा, सगळं होतं. गायन ऐकायला दोन हिंदू मैत्रिणीही आल्या होत्या, चिवड्याचा डबा घेऊन. आणि आम्ही सगळ्यांनी, जसं गावाकडे करतो तसं, चपला दारात काढल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. आईने काढल्या, तिच्या शेजारी मी, मग सगळ्यांनी. पोर्चमध्ये चाळीसेक जोड्यांचा ढीग.

बाहेर आलो तर वॉर्डन आंटी उभ्या. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या, सत्तरीच्या, इथल्याच चिनी घरातल्या. वाकून त्यांनी माझी सँडल बाजूला केली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. खाली दगड होता. अक्षरं झिजलेली, पण वाचता येत होती. एक इंग्रज बाई आणि तिचं बारा दिवसांचं बाळ.

"ही कबर आहे," आंटी म्हणाल्या. "आणि हा बाहेर पडायचा रस्ता आहे. आग लागली तर?"

आग लागली तर! हे वाक्य मी दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवते. अडवलेल्या दारांचे फोटो काढून नोटिसा पाठवणं हे माझं काम. आता आमच्या चपलांचा फोटो कौन्सिलकडे गेला. अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबवला. बैठक तीन आठवड्यांनी.

ते तीन आठवडे मी घरभर फिरत होते. ईमेल उघडायचं, बंद करायचं. प्लांटच्या बसमध्ये उघडायचं. माझी तेरा वर्षांची मुलगी तिच्या सिंगापुरी बोलीत वैतागली. "मम्मी, वॉक हिअर वॉक देअर, मला हेडेक येतो लाह. शूज घालून बसा, फिनिश!"

मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. "सगळे बूट घालूनच बसतात, आपण काय वेगळे?" "कौन्सिलला लिहून द्या, घालतो म्हणून." बहुतेकांचं मत तसंच होतं. खरं सांगायचं तर माझंही. एका ओळीत प्रश्न मिटला असता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही घाला. मी बाहेर बसंन."

"आई, हे नगर नाही!"

"मला म्हाईत न्हाई का? विमानात बसून आले मी." मग म्हणाली, "तुझा बाप गावच्या चर्चची फरशी गुडघ्यावर बसून पुसायचा. माझे पाय उचलत न्हाईत चपला घालून. हट्ट न्हाई गं करत."

मी चिडले. बाहेर गेले, ब्लॉकभोवती तीन फेऱ्या मारल्या, परत आले. आई ताट वाढून बसली होती. जेवले आणि मेजरिंग टेप शोधायला लागले.

शनिवारी चर्चला जाऊन सगळं मोजलं. वेस्ट्री, म्हणजे पाळक झगा घालतात ती खोली, तिच्या बाहेर एक बाजूचा व्हरांडा आहे. तिथून कुणी बाहेर पडत नाही. दोन रॅक बसतात, वाट मोकळी राहते. रीतसर नकाशा काढला, माप घालून, प्लांटमध्ये काढते तसाच.

बैठक सकाळच्या भक्तीनंतर हॉलमध्ये होती. टेबलावर करी पफ, चहाचे कप. मी आधी माफी मागितली. म्हटलं, दगड आम्ही वाचला नाही, ही आमची चूक. दार अडवलं, ही माझी चूक, कारण माझा धंदाच तो आहे. मग नकाशा ठेवला.

एक गृहस्थ म्हणाले, "आज चपला. उद्या काय, बाकं काढायची?"

"बाकं राहू द्या," मी म्हटलं. "माझ्या आईचे गुडघे दुखतात."

दोघं हसले. ते गृहस्थ नाही हसले. "पण इथली एक पद्धत आहे," ते म्हणाले.

तेव्हा वॉर्डन आंटी बोलल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, "माझी आई एका इंग्रज घरात आया होती. मॅडम आत बसायची, आई पोर्चमध्ये छत्र्या धरून उभी. सगळ्या आया तिथेच उभ्या असायच्या, त्याच दगडावर. आत यायची परवानगी नव्हती. त्या पद्धतीबद्दल तेव्हा कुणी बैठक घेतली नाही." आणि करी पफ उचलला.

मला बाहेर थांबायला सांगितलं. मी पोर्चमध्ये येरझाऱ्या घातल्या, दगडाला वळसा घालून. दहा मिनिटं असतील. मला तासासारखी वाटली.

तीन महिने करून बघा, असं ठरलं. चपला बाजूच्या व्हरांड्यात, रॅकवर. ज्याला बूट घालून यायचं त्याने तसं यावं. दगडावर काहीही ठेवायचं नाही.

पहिली भक्ती आईच्या परतीच्या विमानाआधी पाच दिवस झाली. तिने पहिलंच गायन इतक्या वरच्या पट्टीत धरलं की तबलावाले मागे पडले, आणि माझी मुलगी मान खाली घालून हसत सुटली. व्हिकरनी भाकर मोडली. शब्द मी वाचले. दोनदा अडखळले. आईने हात पुढे केले आणि मराठीत "आमेन" म्हणाली, जे सगळ्या भाषांत सारखंच असतं. पण ती ठासून म्हणाली.

आई गावी गेली. तीन महिने संपले, कौन्सिलने पुन्हा मत घेतलं, त्या गृहस्थांनी विरोधात दिलं, बाकीच्यांनी बाजूने. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता त्या चर्चमध्ये मराठीत भक्ती होते, आणि दारातल्या फळ्यावर तिची वेळ छापलेली आहे.