बोर्ड माझ्या खिशात होता

शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी करणी, चकवा, अंगात येणं असलं काही सांगायला लागलं की सगळ्यात आधी मी हसायचो. हायस्कूलला सायन्स शिकवतो, वीस वर्षं झाली. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते जसंच्या तसं सांगतो. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

भालकीहून उदगीरकडे निघालं की मेन रोड सोडून तीन किलोमीटर आत आमचं गाव. घरात दोघंच – मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. सात वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला आणि दोन्ही कान गेले. बोलते, पण जरा अडखळत. समोरच्याचं ओठांवरून ओळखते. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं.

अक्काला फोन करून उपयोग नाही. म्हणून गेल्या थंडीत मी एक वाय-फायचा बोर्ड मागवला, नोडएमसीयू म्हणतात तो. काडेपेटीएवढा असतो. त्याला एक रिले, म्हणजे करंटवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच, जोडला आणि रिलेमधून स्वयंपाकघरातल्या बल्बची वायर घेतली. मी कुठूनही मोबाईलवर बटण दाबलं की रिले टकटक करायचा आणि बल्ब पाच वेळा उघडझाप करायचा. म्हणजे 'मी निघालो'. मग अक्का चहा ठेवायची. पहिल्या दिवशी ती किती वेळ त्या बल्बकडेच बघत बसली होती.

पण बोर्ड सारखा बंद पडून परत चालू व्हायला लागला. पिना नीट डाख दिलेल्या नव्हत्या. एका शनिवारी शाळा अर्धी होती, म्हणून सकाळीच बोर्ड काढून घेतला. अक्का आंघोळीला गेली होती, तिला सांगायचं राहिलं. दुपारी भालकीत एका दुकानात पिना पक्क्या करून घेतल्या, बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टच्या खिशात ठेवला आणि गाडीवर निघालो.

गावाअलीकडे ओढ्यावर एक छोटा पूल आहे. तिथं ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून चाक घसरलं. मी गाडीसकट खाली ओढ्यात.

शुद्ध होती, हेच वाईट. डावा पाय गाडीखाली अडकलेला, बरगडीत अशी कळ की श्वास घेववेना. मोबाईल समोर पाण्यात पडलेला, हात पोचत नव्हता. पेट्रोल गळून पँट भिजत होती. वरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकापाठोपाठ एक... पण प्रत्येकावर गाणी लावलेली, एवढी मोठ्यानं की माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुलाच्या आडोशाला पडलेलो, वरून दिसणंही शक्य नव्हतं.

ओरडून ओरडून आवाज बसला. मग हाताशी एक दगड सापडला. त्यानं गाडीच्या टाकीवर ठोकायला लागलो. तीनदा ठोकायचं, दम खायचा, परत तीनदा. तीनाच्या पुढं बरगडी ठोकू देत नव्हती, एवढंच.

आणि तेव्हा मी एक वाईट विचार केला. आजवर कुणाला सांगितला नाही. घरात कान असलेलं एखादं माणूस असतं तर निदान उशीर झाला म्हणून फोन लावून बघितला असता, शोधायला निघालं असतं... असलं कसलं नशीब, असं म्हणत मी अक्काच्याच नावानं रडत होतो. जिनं मला वाढवलं तिच्या नावानं.

ऊन उतरलं. पाय बधिर झाला. कसंबसं एकदा शेवटचं तीनदा ठोकलं, मग हातही उचलेना. आता संपलं, असं अगदी शांतपणे वाटलं.

"मास्तर! ओ मास्तर! हलू नका, आलो!"

शेजारचे शरणप्पा अण्णा उतारावरून घसरत खाली येत होते. त्यांच्यामागं अक्का, पदर खोचलेला, चप्पल एकाच पायात. मला बघून तिच्या तोंडातून निघालं ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

पायाला रॉड बसला. दवाखान्यात चौथ्या दिवशी मी अण्णांना विचारलं, "तुम्ही दोघं तिकडं कसं काय आलात?"

"तुमची अक्काच घेऊन आली की. माझ्या दारात येऊन भांडायलती. 'त्यो बल्ब बघा, मघापासून चालू-बंद व्हायलाय! दोनदा चहा ठेवले, ह्यो काय येईना. चला, रस्त्यावर जाऊन त्याला विचारू, कामून असलं मशीन बसवलास!' म्हणून मला ओढत घरात नेली."

"बल्ब लागत होता?"

"व्हय. तीन बार लागायचा, थांबायचा. परत तीन बार."

बोर्ड माझ्या खिशात होता. बोर्डाशिवाय रिले हलत नाही, रिले हलला नाही तर बल्बला करंट जात नाही. आणि प्रोग्रॅममध्ये मी पाच लिहिलं होतं, तीन नाही.

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज एकदम खाली गेला. "मास्तर, अजून एक सांगतो. मी त्या टायमाला घरी रिकामाच बसलेलो. कामून? माझी गिरणी बंद होती. दुपारपासून गावात लाईटच न्हव्हती. हे मला पुलावर आल्यावर आठवलं. आन तिथंच खालून ठोकल्याचा आवाज आला... तीन बार. अंगावर काटा आला बघा."

घरी आल्यावर कुबडी टेकत पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेलो. रिलेचा डबा उघडला. आत मी सकाळी सोडलेल्या वायरी तशाच लोंबत होत्या, टोकांना टेप गुंडाळलेली. लाईनमनला विचारलं, त्या दिवशी गावाला वीज देणारा फीडरच बंद होता, तो म्हणाला. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. शहरातल्या इंजिनिअर मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या अक्काला भास झाला असेल. मग अण्णांना?

एकदा अक्कालाच समोर बसवलं. सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं, "अक्का, गावात लाईट नव्हती. बोर्ड पण नव्हता. मग बल्ब कसा लागला?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी काही येडपटासारखं बोललो की बघायची.

"तू बोलावलास," ती म्हणाली. "मी आले. त्यात काय विचारायलास?"

आणि परत खाली बघून खडे वेचायला लागली.