पहिली कुदळ

भिमाजीरावांना आज वार कोणता असं विचारलं, तरी ते आधी मागे कोणी उभं आहे का बघतात आणि मग सांगतात. हे वाक्य माझं नाही, त्यांच्या वहिनींचं, सगुणाबाईंचं. अख्खी नोकरी मंत्रालयात टंकलेखक म्हणून काढलेल्या माणसाला ती सवय लागणारच. मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिपण्या ते टाइप करत. काम झालं की कार्बन आणि वाया गेलेले कागद साहेबांसमोर जाळायचे. शेवटच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या नाव-आडनावाची दोन आद्याक्षरं टाकायची, म्हणजे चूक कोणाची ते कळावं. एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. कागदात काय असे, ते कधीच नाही.

पत्नी लवकर गेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचवटीत आमच्या गल्लीत खोली घेतली आणि जेवायला समोर वहिनींकडे जाऊ लागले. मोठे भाऊ गोटीराम तोवर वारले होते. सगुणाबाईंचा मुलगा सोमनाथ ओझरच्या कारखान्यात, नात मोहिनी वकील. भिमाजीराव बाजारातून भाजी आणत, गवार निवडून देत, वहिनींची थट्टा खाली बघून ऐकत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोटीरामांच्या नावाने पाण्याची नवी घागर पाटाजवळ मांडली जाई आणि त्यांच्या ताटावर भिमाजीराव बसत. गेलेल्या माणसाच्या जागी बसून पुरणपोळी खायची, हा मान घरात त्यांचाच होता.

या घराची शेतजमीन शहराबाहेर, त्यांच्या गावी होती. चाळीस वर्षांपूर्वी सरकारने ती कारखान्यांसाठी घेतली. त्याच्या थोडंच आधी गोटीरामांनी तिथे विहीर खणली होती. तिला पाणीही छान लागलं. एक हंगाम ते पिकाला मिळालं, मग विहीर कुंपणाच्या आत गेली. गोटीराम पुढे दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला जात. सरकारात भाऊ असून यांना वास कसा लागला नाही, असं गाव म्हणे. सगुणाबाई दिराची बाजू घेत. टाइप करणाऱ्याला कोण काय सांगतं, आणि कळलं असतं तर भाऊजींनी आपल्या भावाला सांगितलं नसतं का?

यंदा सरकारने मंत्रिमंडळाचे जुने कागद लोकांसाठी खुले केले. मोहिनीने गावच्या जमिनीची टिपणी मिळवली आणि संध्याकाळी आजीला वाचून दाखवायला बसली. मी ताकाचं भांडं परत द्यायला गेले होते, मलाही बसवून घेतलं. भिमाजीराव भिंतीशी जेवत होते.

टिपणीवर तारीख जानेवारीची होती. सगुणाबाईंना विहिरीची पूजा आठवत होती. ती त्याच सालच्या आखाजीला झाली.

"म्हंजी आपण खणाया लागलो तव्हा मुंबईत समदं ठरलेलं व्हतं," त्या म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "तुम्ही जेवा, भाऊजी. तुमचा काय दोष? भात वाढू?"

मोहिनीने कागद उलटसुलट केला. "आजोबा, हे खाली कोपऱ्यात कसलं आहे? भि. गो."

ते काहीही सांगू शकले असते. चाळीस वर्षांमागची दोन अक्षरं, कोण शोधायला जाणार होतं? त्यांनी घास ताटात ठेवला.

"माझी अक्षरं. टिपणी मीच टाइप केली."

मला तेव्हा सगळं कळलं नाही, सगुणाबाईंना कळलं. त्यांच्या गावी विहिरीची पहिली कुदळ घरातल्या सगळ्यांत भाग्यवान माणसाच्या हातची असते. गोटीरामांनी त्यासाठी मुंबईहून भावाला बोलावून घेतलं होतं. भिमाजीराव रजा काढून आले होते. त्यांनी नारळ फोडला होता, कुदळ मारली होती, वर भावाच्या हातून पेढाही खाल्ला होता.

सगुणाबाईंनी ओले हात पदराला पुसले.

"सांगता येत नव्हतं, ते मला समजतंय," त्या म्हणाल्या. "नोकरी व्हती तुमची. पण कुदळ कशाला धरली? रजा मिळत नाय म्हणायचं व्हतं."

"नाही म्हटलं तर दादाला संशय येईल, असं मी मनाला सांगितलं." भिमाजीरावांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पण ते खरं नाही, वहिनी. दादाने चारचौघांत मान दिला होता. तो मला हवा होता."

भात कोणी वाढला नाही. ते हात धुऊन खोलीवर गेले आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला आलेच नाहीत. सगुणाबाई मोहिनीच्या हाती डबा पाठवत. डबा घासून परत येई.

एकदा आपल्या ओट्यावर बसले असताना भिमाजीरावांनी मला विचारलं, "बाई, आखाजीला बोलावतील का हो?" विचारताना मागे वळून बघितलं नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

बोलावणं आलं, मलाही आलं. आम्ही गेलो तेव्हा गोटीरामांच्या ताटावर सोमनाथ बसला होता. भिमाजीराव दारातच थबकले. सगुणाबाईंनी कोरी घागर त्यांच्या हातात दिली.

"ह्यांचं पाणी तुम्ही भरा."

त्यांनी अंगणातल्या नळाला घागर लावली. भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं त्यांना सुचेना. मोहिनीने तो बंद केला. घागर दोन्ही हातांनी धरून ते आत आले, पाटाजवळ ठेवली आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले.

एरवी पहिलं पान त्यांचं असे. त्या दिवशी ते शेवटी, आम्हा बायकांच्या पंगतीत बसले. सगुणाबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या. दिराच्या पोळीवर त्या कधी विचारून तूप घालत नसत, हात आडवा आला तरी घालत.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तूप वाढू का?"

भिमाजीरावांनी मान खाली घालूनच हो म्हटलं.