सात नंबरची खिडकी

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतो, ते शुद्धलेखनाच्या चुका काढायला. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, सवय जात नाही. भूत, संकेत, आत्मा... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आता बसला आहे असंही नाही. घडलं तसं लिहितो.

मी बेळगावात, खासबागेत एकटा राहतो. थोरला भाऊ — अण्णा — निपाणीला. रिटायर झाल्यावर त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं आणि त्याने घरात स्वतःचा चॅट सर्व्हर सुरू केला. सभासद दोन : तो आणि मी. "व्हॉट्सॲपवर सगळी दुनिया गुड मॉर्निंग घालतीया. तिथं माणसानं बोलायचं कुठं?" असं त्याचं म्हणणं. रोज दुपारी साडेचारला आम्ही तिथे भेटायचो.

त्या जुन्या चॅट प्रोग्राममधून मी सर्व्हरला जोडला गेलो की दर वेळी वेगळी खिडकी उघडते आणि तिला पुढचा नंबर मिळतो; मशीन बंद करून सुरू केलं की पुन्हा एकपासून. पण नवी खिडकी उघडली हे प्रोग्राम आपण होऊन सांगत नाही. म्हणून अण्णाने माझ्या मशीनसाठी एक स्क्रिप्ट (छोटासा प्रोग्राम) लिहिली. ती दर काही सेकंदांनी उघड्या खिडक्यांची यादी करायची आणि मागच्या यादीशी ताडून बघायची.

"दारात नवी चप्पल कुणाची हे कसं कळतंय?" त्याने मला फोनवर समजावलं होतं. "घरातल्या चपला पाठ असल्या की झालं. उरली ती पाव्हण्याची."

नवी खिडकी सापडली की स्क्रिप्ट नंबर आणि वेळ लिहून ठेवायची. खिडकी बंद झाली की पुन्हा वेळ, आणि पुढे एक शब्द : आलतो. मी तो दुरुस्त करून 'आलो होतो' केला. अण्णा दोन दिवस हसत होता. "खिडकीला बी शुद्धलेखन व्हय रं? उद्या तिला काना-मात्रा शिकीव."

गेल्या हिवाळ्यात तो निपाणीत दवाखान्यात दाखल झाला. दोन दिवसांत सोडतील असं सांगत होते. त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "लॅपटॉप घरात ऱ्हायलाय. संध्याकाळपतूर कुणाकडनं तरी आणवतो. साडेचारला खिडकी उघडून बस. येतो मी."

दुपारी दोनला वहिनींचा फोन. "भावजी, गुंगीत हाईत ते. औषधाची हाय म्हणत्यात डॉक्टर. पर साडेचारचं लई येळा इचारलं बघा. तुमी बसा हं तिथं."

"बसतो," मी म्हणालो.

आणि साडेचारला मी एका सभागृहात व्यासपीठावर बसलो होतो. माझा सत्कार होता. सत्कार म्हणजे न मागितलेली शाल, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. पण स्वतःच्या खांद्यावर पडणार म्हटल्यावर इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी अर्धा तास हजर. अण्णा तर गुंगीत आहे... त्याला काय कळणार, रात्री बोलू — असा हिशेब मी केला. फोन सायलेंट. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि लांबलचक बोलले. मी मान डोलवत राहिलो.

बाहेर येऊन पाहिलं तर वहिनींचे अकरा मिस्ड कॉल. पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना अण्णा गेला होता.

दिवस-कार्य आटोपून पंधरा दिवसांनी मी खासबागेत परतलो. मशीन सुरूच होतं. स्क्रिप्टची नोंद उघडली. आदल्या दिवसाची सहा नंबरची खिडकी, माझीच. तिच्याखाली, अण्णा गेला तो दिवस :

नवी खिडकी सात — ४.३१.
बंद — ४.५० — आलतो.

आता नीट ऐका. कनेक्शन तुटून पुन्हा जुळलं तर जुनीच खिडकी चालू राहते, नवी उघडत नाही. निपाणीहून माझ्या मशीनवर खिडकी उघडता येत नाही. त्यासाठी माझ्या खुर्चीत बसून माझ्याच कीबोर्डवर हात चालवावा लागतो. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात, शालीखाली. अण्णाचा लॅपटॉप त्याच्या घरी बॅगेतच होता, दवाखान्यात कुणी नेलाच नाही. स्क्रिप्ट मी ओळ न् ओळ वाचली. तिथे 'आलो होतो' असंच आहे, मी केलेलं. सगळ्या मशीनमध्ये 'आलतो' शोधून पाहिलं... त्या एका नोंदीखेरीज कुठेही नाही.

कागदावर छापून मी ते निपाणीला नेलं. वाटलं, वहिनींना तेवढाच आधार.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. दचकल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि चक्क हसल्या. "व्हय की. म्या त्यांच्या कानात सांगिटलं, भावजी बसल्यात तिथं, जावा म्हणून. मगच श्वास संथ झाला बघा."

मग कागदावर बोट ठेवून मिनिटं मोजली. "एकोणीस मिनटं हाईत की ही. काय बोलले ओ तुमच्याशी?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"सांगा की. माझं नाव तरी काढलं का?"

"वहिनी... मी तिथं नव्हतो."

त्यांनी कागदावरचं बोट उचललं. कागदाची घडी घातली, परत माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या.

सात नंबरची खिडकी कुणी उघडली, मला माहीत नाही. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. वहिनींनी मात्र ते कधीच विचारलं नाही. त्यांना त्या एकोणीस मिनिटांतलं बोलणं हवं होतं, आणि ते ऐकायला तिथे कुणीच नव्हतं.