सफरचंदावरची फुली

आपण किती मोठे आहोत याची आमच्या कंपनीला वर्षातून एकदा खात्री करून घ्यावी लागे. त्यासाठी दोन-तीनशे माणसांना एखाद्या परक्या शहरातल्या हॉटेलात नेऊन, दिवे मंद करून, मोठ्या आवाजात संगीत लावत. त्या वर्षी हे सायगावला होतं. नाव होतं ‘लीडरशिप समिट’. मी कुणाचाही लीडर नव्हतो. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका इमारतीत बाराव्या मजल्यावर बसून मी बँकांची सॉफ्टवेअर दुरुस्त करत असे. पण बोलावणं आलं म्हणजे जायचं, एवढं शहाणपण नोकरी असेपर्यंतच चालणाऱ्या एम्प्लॉयमेंट पासवर राहणाऱ्या माणसाला लवकर येतं.

अडचण आईची होती. ती दीड महिन्यापासून आमच्याकडे यिशुनला राहायला आली होती, आणि बायकोला नेमकं त्याच आठवड्यात पुण्याला जावं लागलं. आई म्हणाली, "मी राहीन की एकटी. डाळतांदूळ आहे घरात." पण आदल्याच आठवड्यात ती लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून एका चिनी आजींच्या दाराची बेल वाजवत उभी राहिली होती. शिवाय तिला बारा वर्षांचा मधुमेह. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर साखर भराभर खाली येते. बाबा होते तेव्हा एकदा तसं झालं होतं. देवघरासमोर ती कोसळली आणि शुद्धीवर येईपर्यंत दुपार झाली. तेव्हापासून डॉक्टरांनी तिचे सगळे उपास बंद केले होते. म्हणून मी माझ्या खर्चाने तिचंही तिकीट काढलं.

त्या काळी व्हिएतनामला जायचं तर इंटरनेटवरून कुठल्याशा एजंटकडून एक मंजुरीपत्र मागवावं लागे. ते दाखवलं की तिथल्या विमानतळावर व्हिसाचा शिक्का मिळे. आमच्या पत्रात आमच्या दोघांच्या जोडीला आणखी नऊ अनोळखी लोकांची नावं आणि पासपोर्ट नंबर होते. त्यांतला कुणी फरारी असला तर काय, या विचारात मी दोन रात्री घालवल्या. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं, तर सल्ल्यांचा पाऊस पडला. "टॅक्सीवाल्यापासून जपा." "सामान टॅक्सीत ठेवून खाली उतरू नका, पळून जातात." "मीटर उड्या मारतो." "हिरव्याच रंगाची टॅक्सी घ्या." कुणी तिथे गेलेलं होतं की नाही, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी साडेसहाला घर सोडलं. विमानात खाण्याचा ट्रे आला तेव्हा आईने हाताने नको म्हटलं. "मला तो वास नको. माझ्याकडे राजगिऱ्याचे लाडू आहेत." मी ऐकलं आणि ‘समिट’चं वेळापत्रक वाचत बसलो. त्यात ‘प्रेरणा’ या विषयाला पंचेचाळीस मिनिटं दिली होती.

सायगावला उतरून व्हिसाच्या खिडकीपाशी पोचलो. मी फॉर्म भरत होतो तेव्हा आई मागे कॉरिडॉरमध्ये कुठेतरी थबकली होती, दोन मिनिटांनी आली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोघांचे पासपोर्ट आणि पत्र काढून घेतलं, ते एका ढिगावर टाकलं आणि बोटाने खुर्च्या दाखवल्या. खुर्च्यांवर पन्नाससाठ माणसं बसली होती, सगळी त्या एका खिडकीकडे बघत. आमचे व्हाइस प्रेसिडेंटही त्याच विमानाने आले होते. त्यांच्यासाठी फुलांचा गुच्छ घेऊन एक माणूस आत आला होता, आणि तो त्यांना दुसऱ्याच दाराने घेऊन गेला. आम्हाला न्यायला येणारी हॉटेलची गाडी त्यांच्याबरोबर गेली असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाऊण तास झाला. एसी जोरात होता. मी अंगावर जॅकेट ओढून घेतलं आणि सहज आईकडे पाहिलं, तर तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"उकडतंय तुला?"

"नाही रे."

"मग घाम?"

"येतो कधी कधी." तिने पदराने टिपला. 

"आई, लाडू कधी खाल्लेस?"

ती खिडकीकडे बघू लागली.

"लाडू कुठे आहेत?"

"टाकले."

"टाकले? कुठे?"

"तिथे मागे पाटी होती. सफरचंदावर फुली. कोंबडीवर पण फुली. खाली पिंप ठेवलं होतं, त्यात टाकले. उगाच दंड कशाला?"

दीड महिन्यात सिंगापूरने एवढं काम केलं होतं. एमआरटीच्या गाडीत पाणी प्यायचं नाही, च्युइंगम चघळायचं नाही, फुली दिसली की हातातलं टाकायचं. जिने पुण्यात एकही पाटी आयुष्यात मानली नव्हती, तिने परक्या देशात सगळ्यांत आधी फळांच्या चित्राला मान दिला होता.

"पण म्हणजे सकाळपासून तू काहीच..."

"एकादशी आहे आज," ती म्हणाली. जणू मीच विसरलो होतो. "म्हणून तर लाडू घेतले होते. उतरल्यावर खाणार होते."

"गोळी घेतलीस?"

"गोळी चुकवायची नाही म्हणालास ना तूच."

मी उठलो आणि मागे कॉरिडॉरकडे धावलो. ते पिंप मला वीस पावलांवर दिसत होतं. पण मध्ये गणवेशातला एक पोरगेला शिपाई उभा होता, आणि विमानाच्या दिशेने परत जायला कुणालाच परवानगी नव्हती. मी त्याला हाताने पिंप दाखवलं, लाडू वळून दाखवले, आईकडे बोट केलं. त्याने शांतपणे मला खुर्च्यांकडे वळवलं. पासपोर्ट खिडकीच्या आत, खाण्याची दुकानं शिक्क्याच्या पलीकडे, आणि आम्ही मधल्या पट्ट्यात, जिथे फक्त पाण्याचा कूलर होता.

मी मोठ्याने इंग्रजीत विचारलं, कुणाकडे गोड काही आहे का. एका बाईने पर्समधून चघळायची एक गोळी काढून दिली. मी कागद सोडला आणि वास आला. ड्यूरियन. यिशुनच्या बाजारात ज्या फळाच्या गाडीपासून आई नाकाला पदर लावून पळत असे, त्याची गोळी.

"खा."

तिने तोंड घट्ट मिटलं.

"आई, साखर आहे ही. साखर चालते उपासाला."

"साखर चालते," ती दातांतून म्हणाली. "हे काय आहे ते मला माहीत नाही."

मी गोळी तिच्या ओठांशी नेली. तिने मान फिरवली, लहान मुलासारखी. मी तिच्या हनुवटीला हात लावला तर तिने माझा हात झिडकारला, आणि त्या झिडकारण्यात जोर नव्हता, हे पाहून मी जास्त घाबरलो. एरवी तिच्या हाताचा फटका कसा लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी खिडकीशी जाऊन ‘मदर, सिक’ असं तीनदा म्हटलं. काचेआडच्या माणसाने ढीग चाळला की नुसता वर केला, माहीत नाही. पण दहा मिनिटांत आमचे पासपोर्ट आले. इमिग्रेशन, बॅग, बाहेर. आईला मी जवळजवळ उचलूनच आणलं. बाहेर हॉटेलच्या नावाची पाटी धरलेलं कुणी नव्हतं. समोर एक टॅक्सी उभी होती. ग्रुपने सांगितलेल्या रंगाची होती की नव्हती, मी पाहिलं नाही.

"हॉस्पिटल," मी म्हणालो.

ड्रायव्हर म्हणाला, "हॉटेल?"

"हॉस्पिटल! हॉस्पिटल!"

त्याने आरशातून आईकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि गाडी काढली. विमानतळाच्या फाटकाबाहेर पडताच मोटरसायकलींनी आम्हाला गिळलं. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे हेल्मेटच हेल्मेट. गाडी मुंगीच्या वेगाने सरकत होती. त्याला हॉस्पिटल कळलं की हॉटेल, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने मुख्य रस्ता सोडून गाडी एका अरुंद गल्लीत घातली, तेव्हा व्हॉट्सॅप ग्रुपमधले सगळे जण एकदम माझ्या कानात बोलू लागले.

आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. "आपण यिशुनला चाललोय ना?" तिने विचारलं.

"आपण सायगावला आलोय, आई."

"हां." थोड्या वेळाने, "बाबा आले का रे स्टेशनवर?"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तिचा गार, ओला हात दोन्ही हातांत धरून बसलो. कुणीही भेटलं नाही तर, हॉस्पिटल सापडलं नाही तर, परक्या भाषेत तिच्याबद्दल काय काय आणि कसं सांगायचं, हे मनात येऊ लागलं. मी ते विचार पुढे जाऊ दिले नाहीत.

"रसवंती," आई म्हणाली.

"गप्प पड."

"अरे, रसवंती गेली मागे. ऊस होता."

मला वाटलं, आता सगळंच सुटलं. तिच्या डोळ्यांसमोर पुण्याचा उन्हाळा उभा राहिला होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर थापा मारल्या, "फास्ट, फास्ट." त्याने हात पसरून पुढची गर्दी दाखवली.

"ती बघ दुसरी," आई म्हणाली, आणि तिने दाराच्या कडीला हात घातला.

मी तिला मागे ओढलं, आणि ओढता ओढता खिडकीबाहेर पाहिलं. फुटपाथवर एक बाई उभी होती. तिच्या गाडीवर दोन लोखंडी रोलर, आणि बाजूला सोललेल्या उसाची मोळी. पुण्याबाहेर जेमतेम दीड महिना काढलेली, अर्धवट शुद्धीतली माझी आई सायगावच्या रस्त्यावर मला रस दाखवत होती आणि मी तिला भ्रम झालाय म्हणत होतो.

"स्टॉप!"

गाडी थांबली. आता मला उतरायचं होतं, आणि गाडीत आई, दोन्ही पासपोर्ट आणि सामान राहणार होतं. मी क्षणभर ड्रायव्हरच्या मानेकडे पाहिलं. त्या मानेवरून काहीच कळत नव्हतं. मी उतरलो.

बाईने ऊस घातला, दुमडून पुन्हा घातला. मी मनात आकडे मोजत होतो. हातात आली ती नोट तिला दिली, प्लास्टिकचा ग्लास घेतला आणि वळलो. टॅक्सी चालू लागली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, मराठीत होतं. ग्लास दोन्ही हातांनी धरून, रस मनगटावर सांडत, मोटरसायकलींच्या मधून मी पळत सुटलो. मागच्या काचेतून आईचं पांढरं डोकं दिसत होतं आणि ते माझ्यापासून दूर जात होतं. आयुष्यात इतका घाबरलेलो मी आधी नव्हतो आणि नंतरही नाही. वीस-पंचवीस पावलांवर टॅक्सी एका झाडाखाली थांबली. मागच्या मोटरसायकलींना वाट करून द्यायला ड्रायव्हरने ती बाजूला घेतली होती. मी पोचलो तेव्हा तो मागचं दार उघडून, आईचं डोकं स्वतःच्या हाताने सावरून उभा होता.

आई पहिला घोट प्यायली. मग दुसरा. मग तिने ग्लास माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.

दहा-बारा मिनिटं आम्ही तिघेही त्या झाडाखाली होतो. तिच्या ओठांवरचा घाम वाळला. डोळे आधी माझ्यावर, मग ड्रायव्हरवर, मग पदरावरच्या डागावर स्थिर झाले.

"आलं नाही घातलेलं," ती म्हणाली.

मी फुटपाथवरच बसलो.

हॉस्पिटलात तिची साखर तपासली. डॉक्टरांनी कळेल अशा इंग्रजीत सांगितलं की रस वेळेवर मिळाला, पण गोळीचा अंमल अजून आहे, लगेच काहीतरी पोटभर खायला द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा हेच होईल. आम्ही तिथल्या कँटीनमध्ये बसलो. चहा आणि पाव, एवढंच आम्हाला ओळखीचं होतं. माझा फोन वाजत होता. ‘प्रेरणा’ सुरू झाली होती.

"रस झाला ना," आई म्हणाली. "रस चालतो. पाव नाही चालत."

"तुझे उपास बंद केलेत डॉक्टरांनी. तूच सोडले होतेस. मग आजच का?"

तिने पाव माझ्याकडे सरकवला. "विमान होतं. तू पण होतास त्यात." पदर सारखा करत ती म्हणाली, "मला भीती वाटते रे विमानाची. पडलं तर?"

तिने आम्हा दोघांसाठी धरलेल्या त्या उपासाने तिला माझ्या डोळ्यांसमोर जवळजवळ नेलं होतं, आणि ती मला समजावत होती की विमान सुखरूप उतरलं.

"उतरलं विमान," मी म्हणालो. "आता मला भीती वाटतेय. खा."

तिने पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि तोंडात टाकला. मी तिचा जबडा हलताना बघत होतो, घास गिळेपर्यंत, मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिने खुर्ची थोडी फिरवून माझ्याकडे पाठ केली.

"असं टक लावून नको बघूस. मोडला उपास, झालं? आता ती बशी इकडे सरकव, चहा सांडतोय."

मी बशी सरकवली.