रापणीवरचं मतदान

माझी एक मावसबहीण आहे. दोन हजार सालाच्या आगेमागे अख्खा गाव तिला माझा मावसभाऊ समजायचा, मीसुद्धा. मग ती घरात मावशीची जुनी पातळं नेसायला लागली. मावशीने तिच्याशी बोलणं टाकलं आणि लाजेने किनाऱ्यावर येणंही टाकलं. नारळी पौर्णिमा झाली, रापण सुरू झाली, आणि ही बया पातळ खोचून सरळ दोरी ओढायला हजर.

रापण म्हणजे सगळ्या गावाचं काम. होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येते आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून पुरुष ओढतात. ओढणाऱ्याला मासळीचा वाटा. उत्तरेच्या दोरीवरची जागा तिच्या बापाची, तो वारल्यावर तिला मिळालेली. ती जागा गेली असती तर मायलेकींनी खायचं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, म्हणाला, "बापाची जागा झिलाक मिळता. चेडवाक नाय." मुलाला मिळते, मुलीला नाही.

"मगे तुमी ठरवा," ती म्हणाली. "मी तवसर ओढतंय."

आणि तिने दोरी धरली. जाळं पाण्यात पडलेलं, त्यामुळे ओढणं थांबवता येईना, आणि वाद तर कोणालाच सोडवेना. दोन दोऱ्यांमध्ये शाळेच्या मैदानाएवढं अंतर. इकडची मतं तिकडे पोचवायला मला पिटाळलं. उत्तरेकडून निरोप निघाला की तिने निदान ओढताना तरी पँट घालावी. तो मी दक्षिणेला पोचवेपर्यंत उत्तरेची मंडळी दशावतारी नाटकांच्या विषयावर गेली होती: लक्ष्मी झालेला बाप्या रोज सकाळी दाढी करतो, तरी आपल्या बायका त्याची ओटी भरतात ना? दक्षिणेचं उत्तर आलं, पँट अजिबात चालणार नाही. म्हणजे लक्ष्मीला, असं उत्तरेने धरलं आणि सगळे भडकले. माझे पाय वाळूत भाजत होते आणि डोकं त्याहून तापलं होतं.

तेवढ्यात शाळेचे गुरुजी बांगडे घ्यायला आले. घटनेने प्रत्येक नागरिकाला समान हक्क दिले आहेत, असं त्यांनी सुरू केलं. पण रापणीवर बोलायचं तर दोरी धरून बोलायचं, असा तांडेलाचा दंडक. गुरुजी समान हक्कांपर्यंत पोचले आणि पुढे त्यांना नुसती धाप लागली.

जाळं जवळ येतं तशा दोन्ही दोऱ्या एकमेकींकडे सरकतात. त्यामुळे भांडणही सरकत सरकत समोरासमोर आलं. या सगळ्या वेळात ती घाम पुसत ओढतच होती. ती दोरीवर असावी की नसावी, हे तिच्या मागेपुढे उभे राहून ठरत होतं आणि ते एकाच्याही ध्यानात येत नव्हतं.

शेवटी तांडेल वैतागला. म्हणाला, जे तिच्या बाजूचे त्यांनी हात वर करा.

बाजूच्यांनी केले. विरोधातल्यांनी, आपली मोजदाद राहून जाईल म्हणून, तेव्हाच केले. गुरुजींनी दोन्ही केले.

दोरी सुटली. जाळं लाटेबरोबर मागे निघालं आणि त्याला लटकून एकटी ती, टाचा वाळूत रुतवून, गुडघाभर पाण्यात ओढली जात होती. तिने दोरी सोडली नाही. मग सगळे धावले, एकमेकांवर आपटले, आणि पुढे जाळं बाहेर येईपर्यंत एकाचाही हात दोरीवरून हलला नाही.

वाळूवर वाटे पडले. तांडेलाने तिचा वाटा नेहमीच्या जागी टाकला आणि दुसरीकडे बघत विडी पेटवली. पण वाटा उचलायला घरची बाई यावी लागते. आमच्याकडे पुरुष दोरी ओढतात, डोक्यावर पाटी घेत नाहीत. ती वाट्यापाशी नुसती उभी राहिली. मला रडू येत होतं.

माडांतून मावशी आली. गलका घरापर्यंत गेला असणार. तिने कोणाकडे बघितलं नाही. मासळी पाटीत भरली, आपल्या पदराची चुंबळ करणार तोच थांबली, आणि लेकीचा ओला पदर ओढून त्याची चुंबळ वळून तिच्याच डोक्यावर ठेवली.

"पातळ नेसलंस ना?" मावशी म्हणाली. "मगे पाटी पण घे. माझी मान दुखता."